फिनॉल, प्लॅटिनम आणि मधलं पाणी: एका मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तुमचे आभार खरं तर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मानायचे. पण तिथे तुमचं नाव बाकीच्यांच्या रांगेत एका ओळीत बसेल आणि तुम्ही नेमकं काय केलंत ते कुणालाच कळणार नाही. म्हणून हे उघड पत्र. नाव घालू नकोस म्हणालात, ते ऐकलंय.

तुम्ही माझ्या गाईड नाही, आमच्या ग्रुपच्याही नाही. मी कॉम्प्युटरवर रेणू धातूवर ठेवून ऊर्जा काढणारा, तुम्ही इलेक्ट्रोकेमिस्ट. माझी अडचण अशी होती: निर्वात पोकळीत फिनॉल (बेंझीनच्या कड्याला ओएच गट जोडलेला रेणू) प्लॅटिनमच्या १११ पृष्ठभागावर, म्हणजे अणू दाटीने रचलेल्या सपाट पृष्ठभागावर, आडवं बसलं की मोलमागे सुमारे २०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हा नुसता गणिताचा आकडा नाही, कॅलरीमीटरने मोजलेला आहे. इतका घट्ट चिकटलेला रेणू नेहमीच्या तापमानाला सुटायचा नाही. उत्प्रेरक बघता बघता झाकून जायला हवा. मग पाण्यात त्याच प्लॅटिनमवर फिनॉलचं हायड्रोजनीकरण (त्याला हायड्रोजन जोडणं) बिनबोभाट चालतं, ते कसं?

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, द्रावणात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड बुडवून सेल लावलात. आर्गॉन सोडून द्रावणातला ऑक्सिजन घालवलात, व्होल्टेज खाली-वर फिरवलंत आणि स्क्रीनवर विद्युतप्रवाहाच्या आलेखात हायड्रोजनचे उंचवटे उमटले. स्वच्छ प्लॅटिनमवर हायड्रोजनचा एक थर बसतो नि उठतो, त्याचा विद्युतभार चौरस सेंटिमीटरला साधारण २१० मायक्रोकूलॉम. मग फिनॉलचे थेंब सोडलेत आणि ते उंचवटे एकेका फेरीला बसत गेले. "जिथे फिनॉल, तिथे हायड्रोजनला जागा नाही. टोक बघू नकोस, खालचं क्षेत्रफळ मोज," एवढंच म्हणालात. क्षेत्रफळ जितकं घटलं तितक्या जागा अडल्या. हेच वेगवेगळ्या तीव्रतेला आणि तापमानाला केलं की अधिशोषणाची, म्हणजे रेणू पृष्ठभागाला चिकटण्याची, उष्णता हाती येते. (तुमचं काचसामान धुण्याचं वेडही तेव्हाच समजलं. पाण्यात सेंद्रिय मळाचा अंश राहिला तरी तोच आधी जागा धरतो.)

त्यानंतर तुम्ही कागदावर जो जमाखर्च मांडलात, त्यासाठी हे सगळं पत्र. फिनॉल उघड्या प्लॅटिनमवर येतच नाही, तिथे आधीच पाणी बसलेलं असतं. ते उठवायचं म्हणजे पाण्याची धातूशी असलेली पकड सोडवायची, हा खर्च. फिनॉललाही एका बाजूचं पाणी सोडावं लागतं, हा दुसरा खर्च. जमेच्या बाजूला फिनॉल आणि प्लॅटिनमचा बंध, शिवाय सुटलेलं पाणी पुन्हा पाण्याला मिळतं त्याची थोडी भरपाई. बेंझीनचं कडं आडवं झोपत असल्यामुळे ते बरीच जागा व्यापतं, म्हणून पहिला खर्च भलताच मोठा. निराला सिंग आणि चार्ल्स कॅम्बेल यांनी २०१९ साली हाच हिशेब मांडला. पाण्यातल्या मोजमापातून १११ पृष्ठभागासाठी सुमारे २१ किलोज्यूल येतात. दोनशेचे एकवीस! बंध तोच, त्यात काही बिघाड नाही. बाकीचं पाण्याने खाल्लं.

"मग एवढ्याशा उष्णतेवर ते बसतं तरी कसं?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही हसलात, कारण हा प्रश्न तुम्हाला हवाच होता. एक फिनॉल बसताना पाण्याचे कितीतरी रेणू मोकळे होतात आणि त्यांची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते आणि तेच बसण्याला बळ देतं. माझ्या गणितात पाणी नव्हतंच, तर ही एन्ट्रॉपी तरी कुठून येणार! लिग्निनपासून (लाकडातल्या एका घटकापासून) मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांवर हायड्रोजन चढवणाऱ्यांना ही सैल पकड फायद्याचीच आहे. रेणू येतो, प्रक्रिया होते, जागा मोकळी होते.

प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरच्या पायऱ्या आणि कडांवरचे अणू वेगळे वागतात, त्यांचा हायड्रोजन वेगळ्या व्होल्टेजला दिसतो, म्हणून सगळ्या जागांची एकच सरासरी काढू नकोस, हे तुम्ही मला दोनदा बजावलंत. तुमच्या कच्च्या फाइलीही काही न विचारता दिल्यात. संशोधनात हे किती दुर्मीळ आहे हे फाइली मागून पाहणाऱ्यालाच ठाऊक.

आता माझ्या गणितात पाण्याचे थर आहेत. एकेक गणित संपता संपत नाही, पण आकडे तुमच्या आलेखांच्या जवळपास यायला लागलेत. पुढचा रेणू बेंझाल्डिहाइड घेतोय, धातू मात्र प्लॅटिनमच. पॅलेडियमच्या आतही हायड्रोजन शिरतो आणि उंचवट्यांचं क्षेत्रफळ मोजण्यात अर्थ उरत नाही, हे तुम्हीच सांगितलंय. आलेख तयार झाले की आधी तुमच्याकडे पाठवतो. लाल पेन तयार ठेवा.

आपला,
पाण्याचे थर मोजत बसलेला एक विद्यार्थी