सी-60 चा प्रयोग उद्यमनगरच्या लेथवर सुरू होऊ शकतो

मा. संपादक,

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनांत सी-60 या 60 कार्बन अणूंच्या पोकळ, पिंजऱ्यासारख्या रेणूचे मॉडेल हमखास दिसते. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात ते साहजिकच आहे, कारण त्याचा आकार फुटबॉलसारखाच: 12 पंचकोन, 20 षटकोन. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी 1985 मध्ये तो शोधला, 1996 मध्ये नोबेल मिळाले, एवढे फलकावर असते आणि विषय तिथेच संपतो. या रेणूच्या वाफेवर मंद इलेक्ट्रॉन सोडून काय होते ते मोजणारे यंत्र आपल्या महाविद्यालयांनी उद्यमनगर-शिरोलीच्या कारखानदारांना बरोबर घेऊन उभारावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

मंद इलेक्ट्रॉन या पिंजऱ्यावर आपटून नुसता परत फिरतो, असे समजू नये. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो. 1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) ऊर्जेला त्याची तरंगलांबी सुमारे 12 अँगस्ट्रॉम (1 अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असते आणि पिंजरा जेमतेम 7 अँगस्ट्रॉमचा. अनेकदा तो रेणूतच अडकतो. त्याची ऊर्जा रेणूच्या 174 कंपनप्रकारांत वाटली जाते आणि तयार झालेला ऋण आयन, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, चांगला टिकतो. मात्र येणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जितकी जास्त, तितका आयन लवकर इलेक्ट्रॉन सोडून देतो. म्हणून शोधकापर्यंत (आयन मोजणाऱ्या उपकरणापर्यंत) पोहोचायला आयनाला किती वेळ लागला, यावरही कोणत्या ऊर्जेला किती आयन मिळाले या आलेखाचा आकार ठरतो. दोन प्रयोगशाळांचे आलेख जुळत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

आता कामाचे. सी-60 ची वाफ करणारी भट्टी, वाफ बाहेर सोडणारी तोटी आणि इलेक्ट्रॉन भिंगांच्या (विद्युतदाबाने इलेक्ट्रॉनचा झोत एकवटणाऱ्या) तबकड्या इथल्या कुशल टर्नरला सहज जमतील, पण धातू निवडताना काळजी हवी. पितळ अजिबात नको, तापल्यावर निर्वातात त्यातले जस्त उडते. 304 स्टेनलेस स्टील लेथवर कापल्यावर किंचित चुंबकीय होते. इलेक्ट्रॉनच्या वाटेजवळ तांबे किंवा मॉलिब्डेनम वापरावे. बंद आट्यांच्या भोकांत हवा अडकून दिवसभर झिरपत राहते, त्यासाठी स्क्रूला मधून आरपार बारीक छिद्र पाडावे. पृथ्वीचे सुमारे 0.4 गॉस चुंबकत्वही इथे जड जाते: 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्यात अडीच-तीन सेंटिमीटर त्रिज्येने वळतो. म्हणून म्यू-मेटल या चुंबकत्व अडवणाऱ्या मिश्रधातूचे आवरण किंवा हेल्महोल्ट्झ वेटोळी (उलट चुंबकीय क्षेत्र देणारी तारेची वेटोळी) हवीच. म्यू-मेटल मात्र बाहेरूनच आणावे लागेल, आणि घडवल्यावर पुन्हा योग्य उष्णता-प्रक्रिया न केल्यास त्याचा उपयोग उरत नाही.

खरी परीक्षा भुकटीची. सी-60 बहुधा टोल्युइन या द्रावकातून वेगळा केलेला असतो आणि द्रावक स्फटिकांत दडून राहतो. निर्वातात 200 अंश सेल्सिअसला रात्रभर तापवून तो काढावा, मग सावकाश 450 ते 550 अंशांपर्यंत जावे. घाई केली की भुकटी उसळते आणि तोटी तुंबते. तोटी भुकटीच्या कुपीपेक्षा थोडी जास्तच गरम ठेवावी, नाहीतर वाफ तिथेच गोठते. तापक तार जाऊन-येऊन अशी दुहेरी गुंडाळावी, म्हणजे तिचे चुंबकीय क्षेत्र आपोआप खोडले जाते.

तरीही काही वाफ तबकड्यांवर बसतेच. तो थर संपर्क-विभव (वेगवेगळ्या पृष्ठभागांमधला आपोआप निर्माण होणारा विद्युतदाबाचा फरक) बदलतो आणि ऊर्जेची मोजपट्टी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दशांशांत सरकते. वाफेच्या झोतासमोर पाण्याने गार केलेली तांब्याची पट्टी ठेवावी आणि प्रत्येक मोजणीच्या आधी व नंतर ऊर्जेच्या मोजपट्टीचे शून्य तपासावे. त्यासाठी वीज केंद्रांतल्या ब्रेकरमध्ये असतो तो सल्फर हेक्साफ्लोराइड वायू अगदी थोडा सोडावा. शून्य ऊर्जेपाशी त्याच्या ऋण आयनाचे टोकदार शिखर मिळते. हा वायू प्रबळ हरितगृह वायू आहे, म्हणून उरलेला हवेत सोडू नये.

शून्याजवळच्या आकड्यांवर तर विशेष नजर हवी. तिथे इलेक्ट्रॉनचा प्रवाहच घटतो, आणि आयनांच्या संकेताला चुकीच्या प्रवाहाने भागले की नसलेला अडथळा दिसू लागतो. सी-60 ला इलेक्ट्रॉन पकडायला सुमारे पाव इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अडसर आहे का, यावर 1990 च्या दशकात संशोधकांत वाद झाला होता. पुढे चांगल्या झोतांनी शून्याजवळही इलेक्ट्रॉन पकडला जाताना दिसला.

निर्वात पंप आणि आयन शोधक महाग आहेत, ते एका महाविद्यालयाला परवडणार नाहीत. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून घ्यावेत. भट्टी आणि भिंगांची रेखाचित्रे मात्र पदवीच्या विद्यार्थ्यांनी याच सत्रात काढायला घ्यावीत.

— भौतिकशास्त्राचे काही अध्यापक, कोल्हापूर