खाणीवर येताना

प्रिय वृंदा,

लेकीला घेऊन सुट्टीत इकडे येतेयस आणि तिला खाणीवर जाऊन खडे शोधायचेत, हे वाचून काय आनंद झाला म्हणून सांगू! या विषयावर मला थोडक्यात लिहिताच येत नाही, तेव्हा सवडीने वाच.

आधी महत्त्वाचं. पैसे भरून कुणालाही शोधू देणाऱ्या खाणी अमेरिकेत पुष्कळ आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. नॉर्थ कॅरोलिनात फ्रँकलिनच्या आसपास, कौई खोऱ्यात, माणिक आणि नीलम खरोखरच निघतात. तरी तिथल्या बऱ्याच ठिकाणी जी मातीची बादली हातात देतात, तिच्यात बाहेरून आणलेले रंगीत खडे मिसळलेले असतात. वाहत्या पाण्यात चाळणी धरली की काही ना काही हमखास लागतं. अगदी लहान पोरांना ते ठीक आहे. पण तुझी लेक आता बारा वर्षांची. तिला त्या जमिनीत जे आहे तेच शोधू दे, मग हात रिकामे राहिले तरी चालतील. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारायचं: माती इथलीच आहे ना, वरून काही घातलेलं नाही ना?

म्हणून मी तुम्हाला आधी आर्कान्सात नेणार, मर्फ्रीसबरोला. ‘क्रेटर ऑफ डायमंड्स’ हे राज्य सरकारचं उद्यान आहे. एका जुन्या ज्वालामुखीच्या नळीचा झिजलेला माथा, म्हणजे साधारण 37 एकरांचं नांगरलेलं शेत. 1906 साली जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत इथले पहिले हिरे सापडले. अमेरिकेतला आजवरचा सर्वांत मोठा हिरा, 40.23 कॅरटचा ‘अंकल सॅम’, 1924 मध्ये इथेच निघाला. आणि 1972 पासून नियम असा, की ज्याला जे सापडेल ते त्याचं, मग ते कितीही किमतीचं असो! तिथले कर्मचारी दगड पाहून, वजन करून देतात, तेही फुकट. सध्या सगळ्या लोकांना मिळून रोज सरासरी एखाद-दोन हिरे सापडतात, हे मात्र लेकीला आधीच सांगून ठेव.

हिरा ओळखायचा कसा? पाण्याशी त्याचं जमत नाही, त्यामुळे ओला चिखल त्याच्या अंगाला चिकटून राहत नाही. म्हणून जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं की जाणती माणसं खणायच्या भानगडीत पडत नाहीत. उन्हाकडे तोंड करून, सावकाश, जमीन न्याहाळत चालतात. बाकी सगळे खडे मळकट दिसतात आणि एखादाच स्वच्छ, गुळगुळीत, गोलसर कडांचा, तेलकट चमकीचा. तो पांढरा असेल, पिवळा असेल, नाहीतर तपकिरी. बहुतेक काडीच्या गुलाएवढेच असतात. काचेसारखा धारदार तुकडा दिसला तर तो गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, समजायचा.

खरा जीव रमतो तो माती धुण्यात. बारीक चाळणी पाण्याच्या टबात बुडवून हलवायची, फिरवायची, पुन्हा हलवायची. जड खडे हळूहळू मधोमध तळाशी जमतात. मग एका झटक्यात चाळणी टेबलावर पालथी घालायची. तळाचं वर येतं आणि मधल्या गोलावरच नजर ठेवायची. हिऱ्याची घनता 3.5, गारेची 2.65. एवढ्याशा फरकावर हे सगळं चालतं.

सोन्याचं काम त्या मानाने सोपं, कारण त्याची घनता 19.3. सोनारआळीतली धूळ धुणाऱ्या झारेकऱ्यांची रीत, तीच ही. पॅनमध्ये, म्हणजे पसरट उथळ थाळीत, वाळू घेऊन पाण्याखाली आडवी हलवायची, चिखलाच्या गाठी बोटांनी फोडायच्या, मग पॅन किंचित कलती करून पाण्याला वरची हलकी वाळू नेऊ द्यायची. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. त्यावर थोडंसं पाणी घेऊन हलकेच फिरवलं की काळं पुढे सरकतं आणि मागे, अगदी काठाशी, एक पिवळा कण जागचा हलत नाही. मला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा बोलायचंही सुचलं नाही. तो सोनंच आहे का ते कळायला वर हाताची सावली धरायची. अभ्रक सावलीत विझतं. सोनं तसंच पिवळं राहतं.

हे शिकायला रीड गोल्ड माइन उत्तम, तेही नॉर्थ कॅरोलिनातच. 1799 मध्ये कॉनराड रीड नावाच्या मुलाला तिथल्या ओढ्यात 17 पौंडांचा पिवळा धोंडा सापडला. घरच्यांनी तो तीन वर्षं दाराला अडसर म्हणून वापरला आणि 1802 मध्ये बापाने एका सोनाराला साडेतीन डॉलरला विकला! पुढे खरं काय ते कळलं आणि तिथे खाण सुरू झाली. धोंडा सापडला तेव्हा कॉनराड बारा वर्षांचाच होता. लेकीला हे नक्की सांग.

येताना दोघींसाठी जुने, चिखलात खराब झाले तरी चालतील असे कपडे आणि बूट आण. टोपी हवीच, त्या शेतात सावली फार कमी. चाळण्या, खुरपी, पॅन माझ्याकडे आहेत. न्यूयॉर्ककडे जमलं तर हर्किमरला जाऊ. तिथे दोन्ही टोकं निमुळती असलेले गारेचे सुंदर स्फटिक खडक फोडून काढावे लागतात, त्यासाठी डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा लागेल.

आता एकच कर. रीडच्या ओढ्यावर पॅन धुवायला थंडीत मिळत नाही, म्हणून तिकिटं काढण्याआधी महिना कळव. एप्रिलनंतरचा असेल तर आपण दोन्हीकडे जाऊ.

तुझी,
मेधा