सुटं पान घेण्याआधी त्याचा ग्रंथ विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या फारसी आणि अरबी हस्तलिखितांची सोनेरी, चित्रित पानं विकत घेण्याविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखात भाव होते, लिलावांची माहिती होती, पान काचेत कसं लावावं तेही होतं. पान आलं कुठून, हा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. माझं आयुष्य जुन्या कागदांच्या डागडुजीत गेलं. फारसी बाडांच्या उसवलेल्या शिवणी पुन्हा घातल्या, कसरीने खाल्लेल्या समासांना जपानी कागदाचं अस्तर लावलं. म्हणून या प्रश्नाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लेखात शाह तहमास्पच्या शाहनाम्यातल्या, म्हणजे इराणच्या राजांवरच्या फारसी महाकाव्याच्या प्रतीतल्या, पानाचा उल्लेख आहे. २०२२ साली लंडनच्या लिलावात ते ऐंशी लाख पौंडांच्या वर गेलं, हे खरं. पण तो ग्रंथ सोळाव्या शतकात तबरीझच्या चित्रशाळेत तयार झाला तेव्हा त्यात २५८ चित्रं होती, आणि १५६८ साली इराणच्या शाहाने तुर्की सुलतानाला नजराणा म्हणून तो पाठवला तेव्हा तो अखंड होता. पुढची जवळजवळ चारशे वर्षंही तो अखंडच राहिला. १९५९ साली आर्थर हाउटन या अमेरिकी धनिकाने तो घेतला आणि मग त्याची शिवण सुटली. ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली गेली, १९७६ साली सात पानं लिलावात निघाली, आणखी पानं इकडेतिकडे गेली. उरलेला ग्रंथ ११८ चित्रांसह १९९४ साली व्हिएन्नाच्या विमानतळावर विलेम द कूनिंग या आधुनिक चित्रकाराच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परत मिळाला. आज त्याची पानं क्रमाने उलटून पाहणं कुणालाही शक्य नाही.

त्याआधीची हकिकत याहून वाईट आहे. चौदाव्या शतकात, मंगोल राजवटीत, इराणमध्ये एक भव्य शाहनामा तयार झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पॅरिसच्या जॉर्ज दमोत या व्यापाऱ्याच्या हाती पडला. अख्ख्या ग्रंथाला मनाजोगतं गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने तो पानापानाने विकायला काढला. काही पानांवर पाठपोट चित्रं होती. एका पानाचे दोन नग व्हावेत म्हणून त्याने कागद मधोमध सोलला, दोन्ही बाजू वेगळ्या केल्या आणि दुसऱ्याच पानांवर चिकटवल्या. त्यामुळे चित्र एका प्रसंगाचं आणि भोवतीचा मजकूर भलत्याच प्रसंगाचा, अशी पानं संग्रहालयांत पोचली. आज शाहनाम्यातल्या राजांची आणि वीरांची ही चित्रं विखुरली आहेत: इस्कंदराची शवपेटी वॉशिंग्टनला आहे, इस्फंदियाराची अंत्ययात्रा न्यूयॉर्कला, बहराम गूरची शिकार हार्वर्डला. मजकुराची कितीतरी पानं तर कायमची गेली, कारण चित्र नसलेल्या पानाला भाव नसतो.

कागद सोलणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. दुरुस्तीत कधीकधी जुनं अस्तर काढावं लागतं, तेव्हा ओलावा किती द्यायचा, सुरी किती आडवी धरायची, यावर श्वास रोखून काम करावं लागतं. शिवाय या चित्रांतला हिरवा बऱ्याचदा जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा असतो. तो आधीच कागदाला आतून खात असतो. ओलावा जरा जास्त झाला की हिरवळीच्या जागी भोक पडतं.

आपल्या वाचकांपैकी कुणी पान विकत घेणार असेल, तर आधी त्याची आतली कड पाहावी, म्हणजे शिवणीकडची. तीन कडा तपकिरी आणि चौथी पांढरीशुभ्र, सरळ असेल, तर पान अलीकडेच पात्याने कापलेलं आहे. असं पान एका गृहस्थांनी मढवण्यासाठी माझ्याकडे आणलं होतं. मी ते मढवून दिलं नाही. दुसरं, अनेक हस्तलिखितांत पानाच्या पाठीवर खाली डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो, तो पाहावा. बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून तो लिहीत. ग्रंथ फोडला गेला तरी पान कुणाच्या आधी होतं, हे त्या एका शब्दावरून पुन्हा जुळवता येतं. काचेत लावण्यासाठी समास कापला की तो शब्दही जातो. तिसरं, कसरीच्या भोकांत रंग उतरलेला दिसला, तर कागद जुना पण चित्र नवं. एखाद्या जुन्या फारसी ग्रंथाच्या मजकुरावर कालपरवा काढलेले हत्ती-घोडे आणि दुर्बिणीवाले ज्योतिषी राजस्थानातही मिळतात आणि इस्तंबूललाही. तिथे खरेदीदाराचे पैसे तर बुडतातच, शिवाय कुणाचा तरी खरा मजकूर रंगाखाली गाडला जातो.

अखंड ग्रंथ का हवा, याचं उदाहरण शोधायला इराणला जायची गरज नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची फारसीत केलेली ही स्तुती, १५६५ च्या विजयनगरविरुद्धच्या लढाईनंतरची. त्यात १२ चित्रं शिल्लक आहेत. सुलतानाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून, म्हणजे आपल्या चांदबिबीची आई, बसलेली होती. बहुतेक चित्रांत तिची आकृती कुणीतरी पुसून टाकली आहे. हुसेनच्या मृत्यूनंतर कारभार तिच्या हाती होता. तिच्या मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकलं, त्यानंतर हे झालं असं अभ्यासक मानतात. आता यातलं एखादंच पान कापून कुणाच्या दिवाणखान्यात गेलं असतं तर? पाहणारा म्हणाला असता, रंग उडालाय, डाग पडलाय. चित्रामागून चित्र पाहिल्यावरच कळतं की हा डाग नव्हे. एका बाईला राज्याच्या स्मृतीतून हटवण्याचा तो प्रयत्न आहे. आणि त्याच ग्रंथात स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरतं, असं आपल्या संस्कृत काव्यातल्या दोहदाची आठवण देणारं चित्र आहे. फारसी काव्य, दख्खनी दरबार आणि संस्कृत कल्पना एका पुठ्ठ्याच्या आत नांदतात. पैठणीचा पदर कापून चौकटीत लावावा, तसं यातलं पान वेगळं करणं आहे.

संग्रहाला माझा विरोध नाही. अनेक ग्रंथ शंभर वर्षांपूर्वीच फुटले. ती पानं प्रेमाने सांभाळणाऱ्या, दोन्ही बाजूंचे फोटो अभ्यासकांना मोकळेपणाने देणाऱ्या माणसांमुळेच त्यांची पुन्हा जुळणी होते. अशा संग्राहकांबद्दल मला आदर आहे. पण विक्रेत्याला विचारा: हे पान १९७० च्या आधी कुठे होतं, त्याची जुनी पावती किंवा लिलावाच्या यादीतली नोंद आहे का? १९७० हे सांस्कृतिक ठेव्याची चोरटी ने-आण रोखणाऱ्या युनेस्कोच्या कराराचं वर्ष, आणि जगातली अनेक संग्रहालयं हीच तारीख धरतात. विक्रेता उत्तर टाळू लागला तर पान तिथेच ठेवा, कितीही सुंदर असलं तरी.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित त्यात येतं. ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि चित्रं किंवा सोनेरी नक्षी असलेल्या हस्तलिखिताची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते. लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. नव्याने या छंदात येणारा तरुण वाचक त्यामुळे अडचणीत येऊ शकतो, म्हणून निदान एवढी माहिती आपण येत्या पुरवणीत द्यावी, ही विनंती.

मराठवाड्यात, नगरकडे, विजापूरला लागून असलेल्या आपल्या गावांत अनेक घरांत आणि दर्ग्यांत अशी बाडं अजून रुमालात बांधून ठेवलेली आहेत. आजोबा वाचत होते, आता कुणाला लिपी येत नाही, म्हणून ती विकायला निघतात. त्या घरांतल्या मंडळींना माझं सांगणं: चित्राचं पान तेवढं मागायला कुणी आलं, तर देऊ नका. बाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या सुती कापडात आडवं ठेवा. सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. जवळच्या संशोधन संस्थेला अख्खं बाड दाखवा. चित्र नसलेली पानंही बरोबर न्या.

आपली,
एक निवृत्त ग्रंथसंवर्धक, पुणे