मोठ्याने नको, जवळ येऊन बोला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात ध्वनिक्षेपकांच्या भिंतींविषयी पत्रे येऊ लागतात आणि विसर्जन आटोपले की ती थांबतात. त्या पत्रांशी मी सहमत आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली असताना ती सर्रास ओलांडली जाते, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र आवाजाने ज्यांचे कान आधीच गेले आहेत, त्यांचे वर्षाचे उरलेले दिवस कसे जातात, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्यांच्यापैकी एक म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात ३२ वर्षे दिवाणजी होतो. माग मी कधी चालवला नाही. हजेरी, पगार, सुताची आवक आणि कापडाची जावक एवढेच माझे काम. परंतु माझे टेबल आणि पहिला माग यांच्यामध्ये फळ्यांचा एक आडोसा तेवढा होता, आणि धोट्याच्या (आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या) मागांचा खडखडाट फळ्यांनी अडत नाही. सुरुवातीला कानठळ्या बसत. पुढे सवय झाली, असे आम्ही सगळेच म्हणत असू. संध्याकाळी घरी आल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटे, रात्रीपर्यंत ते सुटत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही धोक्याची खूण आहे, हे त्या ३२ वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

त्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलत नसे असे मात्र नाही. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणारा, चार माग पलीकडून नुसते ओठ हलवी, हाताची एखादी खूण करी आणि कामगाराला नेमके कळे. मीही ते नकळत शिकलो, आणि इतके शिकलो की निवृत्तीनंतरही आपण समोरच्याचे ओठ वाचत आहोत याचा मला पत्ता नव्हता. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मुखपट्टी आली आणि एकाएकी सगळे जग पुटपुटू लागले. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, लोक पूर्वीसारखेच बोलत आहेत.’ मग तपासणी झाली. चाचणीच्या आलेखावर खालच्या पट्टीच्या स्वरांची रेषा बरी होती. ३००० हर्ट्झच्या (आवाजाची पट्टी किती उंच ते मोजण्याचे हे माप) पुढे मात्र ती कड्यावरून घसरावी तशी खाली गेली होती. दीर्घकाळच्या गोंगाटाने कान जातात ते बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जातात, असे तपासणाऱ्या ताईंनी समजावून सांगितले. अंतर्कर्णातील गोगलगाईच्या आकाराच्या नळीत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की मला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. अ, आ, ओ यांसारख्या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून ते मला ऐकू येतात. पण ‘स’ची सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते, त्यामुळे ती गळून पडते. एकदा एका बँकेत काचेआडून कर्मचारी म्हणाले, ‘सात नंबरला जा.’ मला ऐकू आले, ‘आत जा’, आणि मी सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. लोक हसले, मीही हसलो. परंतु त्यानंतर बँकेत एकटे जाण्याचे मी वर्षभर टाळले. हळू ऐकू येणारा माणूस घरी बसू लागतो तो बहुतेक वेळा असल्याच लहानसहान फजित्यांमुळे, असे माझे अनुभवावरून मत झाले आहे. डोळ्यांना चष्मा लागला की कोणी हसत नाही, कान मात्र आपल्याकडे विनोदाचाच विषय राहिले आहेत.

हसणे एकवेळ परवडते. खरी अडचण मदत करणाऱ्यांची आहे, कारण मला कमी ऐकू येते हे कळताक्षणी समोरचा माणूस ओरडू लागतो. ओरडल्याने स्वर फुगतात आणि व्यंजने त्यांच्याखाली आणखी दबतात. शिवाय अशा कानांना बारीक आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज इतरांइतकाच, कधी कधी त्याहून अधिक बोचतो. त्यात, हा गृहस्थ ऐकत नाही की त्याला समजत नाही, असा संशय भोवतालच्या रांगेला येतो तो वेगळाच. त्याऐवजी जवळ यावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले तर आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि तो वाढताना शब्द बिघडत नाही. चेहरा समोर ठेवून, जरा सावकाश आणि नेहमीच्याच आवाजात बोलले तर माझ्यासारख्याचे निम्मे काम होते. तरीही कळले नाही तर तेच वाक्य चौथ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगावे किंवा कागदावर लिहून द्यावे.

मी श्रवणयंत्र वापरतो आणि त्याचा उपयोग होतो. पण चष्म्याने दिसते तसे यंत्राने ऐकू येते, हा समज चुकीचा आहे. यंत्र समोरच्या माणसाबरोबर पंख्याची घरघर, खुर्च्यांची करकर आणि रस्त्यावरचे भोंगेही मोठे करते. फरशी आणि पत्र्याच्या छतामध्ये घुमणारी बसस्थानकावरची घोषणा यंत्र लावूनही कळत नाही. खरे तर ती चांगल्या कानांनाही कळत नाही, फक्त ते शेजाऱ्याला विचारतात. म्हणून रुग्णालये, बँका, तहसील कचेऱ्या आणि बसस्थानके यांच्याकडे माझी मागणी आवाज वाढवण्याची नाही, जे बोलले जाते ते दिसेल असे करण्याची आहे. एका रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या दारातून नाव पुकारले गेले, ते मला कळले नाही, आणि माझ्यानंतर आलेले सगळे तपासून गेल्यावर दुपारी माझा नंबर लागला. त्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच होता आणि त्यावर दिवसभर जाहिराती चालल्या होत्या. त्याच पडद्यावर रुग्णाचा क्रमांक दाखवायला वेगळा खर्च येऊ नये.

मागांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. कायद्याने गोंगाटाने येणारे बहिरेपण हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग आहे. परंतु आमच्याकडील कितीतरी माग घराला लागून असलेल्या लहान शेडमध्ये चालतात, आणि तेथे कारखाना निरीक्षक क्वचितच पोहोचतात. बिनधोट्याचे नवे माग आले असले तरी जुने अजून खडखडत आहेत, आणि त्यांच्यासमोर आठ-दहा तास उभे राहणाऱ्यांचे कान माझ्याहून किती वाईट असतील याचा अंदाज मला आहे. कानात घालायचे साधे फोमचे बोळे फार महाग नसतात. मालकांनी ते द्यावेत, कामगारांनी ‘आम्हाला सवय आहे’ हे म्हणणे सोडावे, आणि महानगरपालिकेने शहरात वर्षातून एकदा तरी यंत्रमाग कामगारांची श्रवणचाचणी घ्यावी. नेत्रतपासणीची शिबिरे जागोजागी होतात. कानांचे शिबिर आमच्या पेठेत मी एकही पाहिले नाही.

शेवटी एक विनंती आपल्याच वृत्तपत्राला. वाचकांसाठीच्या कार्यक्रमांची नोंदणी, तक्रारी आणि अंकाची वर्गणी यांसाठी आपण केवळ दूरध्वनी क्रमांक छापता. दूरध्वनीवर ओठ दिसत नाहीत. त्या क्रमांकाशेजारी लेखी संदेश पाठवता येईल असा एक क्रमांक द्यावा. हे पत्र मला टपालाने पाठवावे लागले, त्याचे कारणही तेच आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, इचलकरंजी