आई-बाबा, तिकीट काढलंय

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

समोर बसून हे नीट होत नाही म्हणून लिहितेय. मी विषय काढला की बाबा पेपर उघडतात आणि आई, तुला नेमकं दूध उतू जाणार असल्याचं आठवतं. मग मी चहा पिऊन मुकाट्याने वारज्याला परत. तर मुख्य ते आधी सांगून टाकते. तिकीट काढलंय. संक्रांत तुमच्याबरोबर करून १८ जानेवारीला निघायचं. मुंबईहून युगांडातलं एंटेबे, तिथून गाडीने गुलू, हापशांच्या कामाला. दिवाळीला घरी. कंपनीने बिनपगारी रजा दिली आहे, राहणं-जेवण संस्थेकडे. ईशा हॉस्टेलवर आहे आणि सुहासला कुकर लावता येतो, त्यामुळे 'संसार वाऱ्यावर' वगैरे काही नाही. आत्याला सांगताना हे वाक्य जरूर सांग.

बाबा, युगांडा म्हटल्यावर तुमच्या तोंडून पहिलं नाव निघालं ते इदी अमीनचं. त्याने आपल्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला ते १९७२ साली. १९७९ मध्ये त्याला स्वतःलाच पळावं लागलं. पुढे कितीतरी गुजराती कुटुंबं परत गेली, आज तिथे त्यांचा चांगला जम आहे. उत्तरेत, म्हणजे मी जाणार तिकडे, बंडखोरांशी लढाई होती हेही खरं. पण २००६ च्या शस्त्रसंधीनंतर छावण्यांतली माणसं हळूहळू आपापल्या गावी परतली, आणि परतली म्हणूनच तिथे पाणी लागतं. मी सांगितलं नसतं तरी तुम्ही सुहासला खोदून विचारलंच असतं.

आणि १९७२ चं म्हणाल तर आपल्या घरात ते साल अमीनचं नाहीच, दुष्काळाचं. इंदापूरच्या रस्त्यावरची खडी आणि सुकडी, हे ऐकतच मी मोठी झाले.

तिथला हापसा आपलाच आहे, बाबा. इंडिया मार्क टू. सोलापूरकडच्या पंपावरून १९७० च्या दशकात जो तयार झाला तोच. तिथे त्याला यू-टू म्हणतात. तोच दांडा, तीच साखळी, खाली तोच सिलिंडर. फक्त बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी आम्लधर्मी आहे, जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप भराभर गंजतात. पाणी लाल येतं, वास येतो, मग बायका पंप सोडून लांबच्या झऱ्यावर जातात. तिथे मेकॅनिक आहेत, हाताने तयार आहेत. त्यांना शिकवायला मी कोण? मला पाण्याची तपासणी, सुट्या भागांचा साठा आणि दुरुस्तीच्या नोंदी बसवून द्यायच्या आहेत. एवढंच. उद्धार करायला निघाल्यासारखं कॉलनीत सांगू नका.

जेजुरीच्या पुढच्या त्या वाडीवर मला जीपमधून नेलं होतंत, आठवतं? मी पाने मोजत बसले होते. पाइप एकेक करून वर येत होते आणि क्लॅम्प सैल करायच्या आधी तुम्ही प्रत्येक वेळी हात लावून बघत होतात. 'हा सुटला तर सगळी माळ खाली' म्हणालात. शेवटी सिलिंडर उघडून झिजलेला वॉशर माझ्या तळहातावर ठेवलात. कडा कातरल्यासारख्या झाल्या होत्या. मी तो फ्रॉकच्या खिशात घालून आणला आणि आई, तू रॉकेलने डाग काढता काढता बाबांना जे बोललीस ते इथे लिहीत नाही. बाबा, तेव्हा तुमच्या अंगाला ग्रीसचा वास यायचा. मला तो आवडायचा.

आता सामान. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. एकीत निम्म्याहून जास्त हत्यारं आणि बोहरी आळीतून घेतलेले वॉशर, नट-बोल्ट. दुसरीत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, औषध लावलेली मच्छरदाणी, डोक्याला बांधायची बॅटरी, तिथल्या चौकोनी पिनांचे अडॅप्टर. आई, मेतकूट आणि भाजणी घेतलीय. लोणचं नाही. हट्ट करू नकोस, फुटलं तर पाण्याच्या तपासणीचे किट तेलात पोहतील. तिथे भात, घेवडा, केळी, शेंगदाणे सगळं आहे. चपात्याही करतात, ऑम्लेट गुंडाळून रस्त्यावर विकतात. मी वाळणार नाही; वाळले तर बरंच.

पीतज्वराची लस घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टमध्ये ठेवलंय. ती आता आयुष्यभर चालते. हिवतापासाठी डॉक्सीसायक्लिन रोज, परत आल्यावरही चार आठवडे. पाणी उकळूनच. विषुववृत्ताजवळ असलं तरी गुलू पुण्याच्या दुप्पट उंचीवर आहे, आपल्या एप्रिलपेक्षा सुसह्यच असेल. बरं वाटलं नाही तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे मी स्वतःला बजावलंय. तुम्ही बजावायच्या आत.

दादासारखं होणार नाही. हे वाक्य लिहावं की नाही, खूप विचार केला. पण तुम्ही दोघं बोलत नाही ते त्याच्यामुळेच, हे मला कळतं. माझं परतीचं तिकीट तुमच्या कपाटात ठेवून जाणार आहे. या वेळी विमानतळावर मात्र येऊ नका. घरूनच निरोप द्या.

आता माझं ऐकायचं. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख मी जायच्या आधीची घेतलीय, 'तू आलीस की बघू' चालणार नाही. स्टुलावर चढून टाकीत डोकवायचं नाही. सोसायटीतल्या मुलाला सांगा, तो येतो. आई, साखरेची गोळी जेवणाआधीची आणि गुडघ्याची जेवणानंतरची. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, पुसू नकोस. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर ठेवून द्यायचा, तो कितीही गोड बोलला तरी. सुहास दर शनिवारी येईल. त्याला फक्त चहा नको, जेवायला घाला, तो स्वतःहून मागणार नाही. तिकडे आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. तुमची मालिका संपून साडेनऊ झाले की माझे सात वाजलेले असतील, तेव्हा फोन करीन. नेट नसलं तर मेसेज. एखादा दिवस चुकला तर लगेच सुहासला उठवू नका.

रविवारी येते. बाबा, माळ्यावरच्या पेटीतला तुमचा पाइप पाना हवाय. चौदा इंची. अठराचा नको, वजनात बसत नाही. आणि तो मुलाकडून काढून घ्या, स्वतः चढू नका.

तुमची,
छकुली