एकच बेट पुरे

चि. अनिकेत,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बेत नीट वाचला. ग्रीसमध्ये आठवडाभरात अथेन्स आणि मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट ही तीन बेटं. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, इराला झोपेतून उठवायचं, बंदरावर उन्हात बोटीची वाट बघायची. तू वर्षभर असाच धावतोस, सुट्टीतही धावलास तर मला बरं वाटणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की बाकीची बेटं राहू देत, आपण फक्त क्रीट करू. त्यातही पश्चिमेकडचं खानिया हा आपला मुक्काम.

नकाशावर क्रीट एवढंसं दिसतं, पण पूर्व-पश्चिम ते जवळजवळ 260 किलोमीटर लांब आहे. मधून डोंगरांची रांग जाते आणि तिचं सर्वांत उंच शिखर 2,456 मीटरचं आहे. उत्तर किनाऱ्याचा मोठा रस्ता सोडला की घाटच घाट. खानियाहून एलाफोनिसीचा किनारा साधारण 75 किलोमीटर, तरी गाडीने दीड-दोन तास धरायचे. म्हणून एका दिवशी एकच ठिकाण, आणि मध्ये एखादा दिवस काहीही न ठरवलेला.

महिना जूनच धर. ऑगस्टचा आग्रह सोड. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा जोरात सुटतो, समुद्र खवळतो, वेगवान बोटी रद्द होतात. त्यात रान वाळलेलं असतं. 2025च्या जुलैच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या येरापेत्राजवळ वणवा लागला आणि वाऱ्यामुळे इतका पसरला की हजारो लोकांना घरं-हॉटेलं सोडावी लागली. घाबरून बसावं असं मी म्हणत नाही, पण लहान मूल सोबत आहे. तिथे उतरल्यावर फोनवर 112 या आणीबाणीच्या सेवेकडून धोक्याची सूचना आली तर ती लगेच वाचायची, आणि गाव रिकामं करा म्हटलं तर निघायचं. जूनमध्ये समुद्र सप्टेंबरइतका कोमट नसतो हे खरं, पण दिवस मोठा मिळतो, अगदी संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड. दुपारी घरात आडवं व्हायचं आणि पाचनंतर पाण्यात उतरायचं. तिथले लोकही दुपारी शांतच असतात.

अथेन्सहून विमान तासाभरात पोचतं, पण जाताना तरी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट घेऊ. केबिनमध्ये झोपायचं आणि सकाळी खानियाजवळच्या सूदा बंदरात उतरायचं. इराला विमानाचं अप्रूप आता उरलेलं नाही, बोटीत रात्र काढायचं मात्र नक्की वाटेल. खानियात जुन्या व्हेनिशियन बंदराच्या मागच्या गल्ल्यांत राहायला जागा बघ. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरत नाही, त्यामुळे पोर मोकळी हिंडेल. फक्त आपण राहू ती खोली तिसऱ्या मजल्यावर अरुंद जिन्याची नको, माझ्या गुडघ्यांचा तेवढा विचार कर.

आता माझ्या मनातलं सांगते. मला क्रीटमधला क्नोसोसचा प्राचीन राजवाडा बघायचाय. शाळेत इतिहास शिकवताना मी त्या राजवाड्याचं चित्र फळ्यावर कितीदा काढलं असेन. 1900 साली आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने तिथे खोदायला सुरुवात केली आणि नंतर काँक्रीट ओतून काही भाग पुन्हा उभाही केला. जाणकारांना ते आवडत नाही आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण कुठे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा दगड संपतो आणि कुठे विसाव्या शतकातली कल्पना सुरू होते ते सामान्य माणसाला कळत नाही. तरीही ते लाल खांब मला जवळून बघायचेत, वर जाड आणि खाली निमुळते. आपण बघतो त्या खांबांच्या अगदी उलट. इराला आधी काही सांगू नकोस, तिचं तिला दिसू दे.

सकाळी दार उघडायच्या वेळी तिथे पोचायचं, सावली फार नाही. मग पाचेक किलोमीटरवर हेराक्लियॉन शहरातल्या संग्रहालयात. राजवाड्यातली मूळ भित्तिचित्रं तिथे आहेत, जागेवर आहेत त्या नकला. आणि तिथेच ती फाइस्टोसची चकती आहे. भाजलेल्या मातीची, सोळा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे इराच्या दोन तळव्यांत मावेल एवढी. दोन्ही बाजूंनी गोल गोल फिरत जाणारी चिन्हं, आणि तीही कोरलेली नाहीत, ओल्या मातीवर ठशांनी उमटवलेली. 1908मध्ये सापडली आणि आजवर कुणालाही खात्रीने वाचता आलेली नाही. एवढ्या शिकल्यासवरलेल्या जगात एक मातीचा तुकडा अजून बोललेला नाही, हे मला नातीला दाखवायचंय. खानियाहून हेराक्लियॉन दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण जाऊन-येऊन दमणूक होईल. शेवटच्या दोन रात्री तिकडेच काढू.

मृणालला सँटोरिनीची पांढरी घरं बघायची आहेत, मला ठाऊक आहे. तिचं मन मोडून काही ठरवू नकोस. हेराक्लियॉनहून वेगवान बोट सुमारे दोन तासांत तिथे जाते. वारा नसेल तर तुम्ही दोघं दिवसभर जाऊन या, मी आणि इरा संग्रहालयात रमू.

समारियाची घळही तुम्ही दोघांनीच करा. सोळा किलोमीटरची उतरण आहे, वर बाराशे मीटरवरून थेट समुद्रापर्यंत, आणि शेवटच्या आय्या रूमेली गावाला रस्ताच नाही, बोटीनेच बाहेर पडायचं. शेवटची बोट चुकली तर रात्र तिथेच. म्हणून पहाटेची बस धरा आणि धड बूट घाला, चपलांवर जाऊ नका. उष्णता फार वाढली तर वाट बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी कर. मी आणि इरा बोटीने खालच्या टोकाला येऊन थांबू. घळीचा सगळ्यात अरुंद भाग त्या बाजूने जवळ पडतो. जमेल तेवढं तिला घेऊन चालेन.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, घाटात घाई नको. मागचा घाईत असेल तर तिथले लोक कडेला सरकून वाट देतात, तूही दे. कच्च्या रस्त्यावर बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीचा विमा लागू होत नाही, आणि बालोसच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता कच्चाच आहे, तेव्हा तिथे बोटीनेच जाऊ. किनाऱ्यावर वाळूत जाळीचे पिंजरे दिसले तर ती कासवांची अंडी. इराला लांबूनच दाखव.

जेवणाची मृणालने काळजी करू नये. जवाच्या टोस्टवर टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह तेल घालून दाकोस करतात, रानभाज्या आणि भरलेले टोमॅटो असतात. फक्त भरलेल्यात खिमा नाही ना, ते विचारून घ्यायचं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. शेवटपर्यंत थांबू नकोस. व्हिसासाठी प्रवासातला वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. हॉटेलचं भाडं बघताना दर रात्रीचा सरकारी कर वेगळा धर, तो बहुधा तिथे पोचल्यावर घेतात.

तुझी रजा मंजूर झाली की त्याच दिवशी मला फोन कर, म्हणजे बोटीची केबिन आधी घेऊन टाकू. चार जणांची, खिडकीची मिळाली तर बघ.

तुझी,
आई