‘कायदा झाला’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अधिवेशन सुरू झालं की आमच्या अंबाजोगाईत चहाच्या टपरीवर पेपरची पानं वाटून घेऊन वाचली जातात. ‘कायदा झाला की हो!’ असं कुणीतरी मोठ्यानं म्हणतं. बातमी शेवटपर्यंत वाचली तर विधेयक नुसतं मांडलेलं असतं. ते 288 आमदारांच्या विधानसभेत आणि 78 जणांच्या विधान परिषदेत संमत व्हावं लागतं, मग राज्यपालांची संमती लागते, तेव्हा कुठे राजपत्रात अधिनियम, म्हणजे कायदा, म्हणून छापून येतं. त्यातही ‘शासन अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल’ असं कलम असलं, तर ती अधिसूचना निघेपर्यंत पुन्हा थांबायचं.

मराठवाड्याला हे शब्द खरे भिडले ते मराठा आरक्षणाच्या प्रश्नात. 26 जानेवारी 2024 ला ‘सगेसोयऱ्यां’बाबत, म्हणजे कुणबी नोंद सापडलेल्यांच्या नातेवाइकांना दाखले देण्याबाबत, निघाली ती मसुदा अधिसूचना होती. तिच्यावर 16 फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या. 20 फेब्रुवारीला विशेष अधिवेशनात 10 टक्के आरक्षणाचं विधेयक संमत झालं. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटबाबत, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याबाबत, निघाला तो शासन निर्णय (जीआर). आमच्याकडे या तिन्हींना लोक सरसकट ‘जीआर’ म्हणतात! मसुद्यावर हरकत घेता येते. विधेयकावर आपला आमदार काय बोलला, कुठे मत दिलं, हे त्याला विचारता येतं. शासन निर्णयावर मात्र सभागृहात मतदान होत नाही, आणि शासन तो दुसरा निर्णय काढून बदलू शकतं. माणूस आरक्षणाच्या कुठल्याही बाजूचा असो, हातात आलेला कागद यातला कोणता, हे त्याला कळायलाच हवं. पोराच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या बापाला तर सगळ्यात आधी.

शहरी नक्षलवादाविरुद्धचं म्हणून मांडलेलं जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. ‘समितीकडे पाठवलं’ म्हणजे बासनात गेलं, असं आमच्या टपरीवर ठरलं होतं आणि मीही तसंच समजून बसलो. प्रत्यक्षात दार त्याच वेळी उघडं होतं. मला कळलं तेव्हा मुदत उलटली होती. याची खंत आजही आहे.

आमदारांच्या कामाचंही तसंच. गावच्या पाण्याबद्दल ‘लक्षवेधी’ सूचना लागली तर मंत्र्याला सभागृहात निवेदन करावं लागतं. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर. फ्लेक्सवर मात्र सगळ्यालाच ‘आवाज उठवला’ म्हणतात.

म्हणून आपल्याला एक कळकळीची विनंती आहे. विधेयकाच्या प्रत्येक बातमीखाली छोटी चौकट द्या: विधेयकाचा क्रमांक, ते कोणत्या टप्प्यावर आहे, आणि सूचना मागवल्या असतील तर कोणत्या पत्त्यावर, कोणत्या तारखेपर्यंत. आमचा चहावाला ते कात्रण दर वेळी टपरीच्या खांबाला चिकटवीन म्हणतो.

आपला,
एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड